मदत हवी आहे: रेव्हिटच्या प्लॅनमध्ये खिडक्या-दारं साधी कशी दाखवायची?

कुर्ला_पश्चिम:
नमस्कार. पुनर्विकासातल्या चौदा मजली इमारतीचे प्लॅन रेव्हिटमध्ये (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) मनपाच्या नकाशांच्या संचासाठी १:१०० ला काढायचे आहेत. खिडक्या थ्री-ट्रॅक स्लायडिंगच्या: दोन काचेची शटरं, एक जाळीचं. फॅमिलीत अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची खाच न् खाच मॉडेल केलेली आहे. (फॅमिली म्हणजे रेव्हिटमधलं खिडकी-दाराचं तयार मॉडेल.) प्लॅनमध्ये ९० मिमी फ्रेममध्ये ११ रेषा येतात आणि प्रिंटवर खिडकीच्या जागी काळा पट्टा उमटतो.

लाइनवेट (रेषेची जाडी) १ केलं, पट्टा जरा फिका झाला, इतकंच. मग फॅमिलीत फ्रेम आणि शटरं निवडून व्हिजिबिलिटी सेटिंग्जमधली 'कोर्स'ची (सर्वांत कमी तपशिलाच्या पातळीची) टिक काढली. प्लॅन स्वच्छ झाला, पण कोर्सवरच्या एलिव्हेशनमध्ये (समोरून दिसणाऱ्या चित्रात) खिडकीच्या जागी नुसतं भोक! तीच फॅमिली १:२० च्या ड्रॉइंगलाही लागते. दारांचं काय करावं? आणि टॉयलेटचे व्हेंटिलेटर प्लॅनमध्ये दिसतच नाहीत, ते का?

ओळंबा:
लाइनवेटने हे सुटणार नाही. ९० मिमी म्हणजे १:१०० ला कागदावर ०.९ मिमी. ११ रेषांमध्ये १० अंतरं, म्हणजे दोन रेषांमध्ये ०.०९ मिमी. पेन ०.१३ मिमीचा धरला तरी रेषा एकमेकींवर चढणारच. रेषाच कमी करायला हव्यात, आणि त्याही फॅमिलीच्या आत. प्लॅनमध्ये खिडकी हाइड करून वर डिटेल लाइन मारू नका. खिडकी १०० मिमी सरकली की ती रेषा जुन्याच जागी राहते, आणि चौदा मजल्यांवर ते कुणाच्या लक्षात येत नाही.

तुमची चूक कुठे झाली ते सांगतो. व्हिजिबिलिटी सेटिंग्जमध्ये दोन वेगळे गट आहेत. कोर्स-मीडियम-फाइनच्या टिका सगळ्या व्ह्यूंना लागू होतात. म्हणून एलिव्हेशन रिकामं झालं. फक्त प्लॅनपुरतं लपवायचं तर वरच्या गटातल्या 'प्लॅन/आरसीपी' (आरसीपी म्हणजे छताचा प्लॅन) आणि 'व्हेन कट इन प्लॅन/आरसीपी' या दोन टिका काढायच्या आणि खालच्या तिन्ही तशाच ठेवायच्या. एकच काढली तर कापलेली फ्रेम दिसत राहते. फ्रेम, शटर, जाळी, सिल (खालची कड), सगळ्यांना हेच करा. फ्रेम नेस्टेड (या फॅमिलीच्या आत बसवलेली वेगळी फॅमिली) असेल तर बाहेरच्या फॅमिलीत ती निवडून तिच्या व्हिजिबिलिटीत बदल करा. एलिव्हेशन, सेक्शन आणि थ्रीडी जसंच्या तसं राहतं. भिंतीतलं ओपनिंगही राहतं.

आता फॅमिलीच्या रेफ. लेव्हल प्लॅनमध्ये अ‍ॅनोटेट टॅबमधून सिम्बॉलिक लाइन (फक्त चिन्ह म्हणून दिसणारी टूडी रेषा) काढा. डिटेल लेव्हलचा खेळ या रेषांवर करायचा. कोर्ससाठी काचेची एकच रेषा, जांबपासून जांबपर्यंत (चौकटीच्या एका उभ्या बाजूपासून दुसरीपर्यंत). मीडियमसाठी दोन शटरांच्या दोन रेषा, मध्यभागी ५० मिमी एकमेकींवर गेलेल्या. त्यावरून सरकती खिडकी आहे हे लगेच कळतं. जाळी दाखवू नका, १:१०० ला तिचा काही उपयोग नाही. फाइनसाठी फ्रेमचा छेद टूडी डिटेल आयटम म्हणून आत बसवा आणि त्याची फक्त फाइनची टिक ठेवा. १:२० चं काम त्यावर भागतं.

रेषांची टोकं लेफ्ट-राइट रेफरन्स प्लेनला (मापं बांधायच्या आधार-प्रतलाला) अलाइन करून लॉक करा. खोलीच्या दिशेने लॉक करताना मात्र भिंतीचा पृष्ठभाग घेऊ नका, फ्रेमच्या मध्यातला प्लेन घ्या. नाहीतर १५० ची भिंत २०० ची झाली की काचेची रेषा फ्रेम सोडून भलतीकडे जाते.

गुण्या:
दारांबद्दल. पॅनेलच्या त्याच दोन टिका काढा आणि शटरची रेषा व स्विंग (दार उघडण्याचा कमानदार मार्ग) सिम्बॉलिक लाइनने काढा. स्विंगला 'प्लॅन स्विंग' सबकॅटेगरी द्या, म्हणजे तिचं लाइनवेट ऑब्जेक्ट स्टाइल्समधून स्वतंत्र ठेवता येतं. रुंदी बदलताच 'कन्स्ट्रेंट्स नॉट सॅटिस्फाइड' येतं, ते बहुतेक वेळा आर्कमुळे, म्हणजे स्विंगच्या कमानीमुळे. प्रॉपर्टीजमध्ये 'सेंटर मार्क व्हिजिबल' चालू करा, केंद्र दोन्ही दिशांनी प्लेनला लॉक करा आणि त्रिज्येला विड्थ पॅरामीटरचं लेबल द्या. दोन शटरांचं दार असेल तर त्रिज्या विड्थ/२. ७५०, ९०० आणि १०५० टाकून बघा. तिन्हींना आर्क शटरच्या टोकाला चिकटलेला हवा.

डाउनलोड केलेल्या फॅमिलीत कॅड इम्पोर्ट दडलेला असतो. सगळं करूनही रेषा उरल्या तर व्हीजीमध्ये (व्हिजिबिलिटी/ग्राफिक्स, व्ह्यूत काय दिसावं ते ठरवणारा डायलॉग) 'इम्पोर्ट्स इन फॅमिलीज' बंद करून पाहा. रेषा गेल्या तर चोर सापडला. मग फॅमिली उघडून तो इम्पोर्ट कायमचा काढा.

आणि प्रोजेक्टमध्ये परत लोड करताना नुसतं 'ओव्हरराइट द एक्झिस्टिंग व्हर्जन' निवडा. पॅरामीटर व्हॅल्यूजसकट ओव्हरराइट केलंत तर प्रोजेक्टमध्ये बदललेली टाइपची मापं फॅमिलीतल्या जुन्या मापांवर जातात.

ओळंबा:
व्हेंटिलेटरचं कारण सरळ आहे. कट प्लेन (प्लॅनसाठी इमारत ज्या उंचीवर आडवी कापलेली धरतात ती पातळी) १२०० मिमीला असेल आणि व्हेंटिलेटरचं सिल १५०० ला, तर कट त्याच्या खालच्या भरीव भिंतीतून जातो. तेवढ्याच जागेवर प्लॅन रीजन (प्लॅनचा वेगळ्या उंचीवर कापलेला तुकडा) काढा आणि त्याच्या व्ह्यू रेंजमध्ये कट प्लेन १७०० ठेवा. टॉप त्याहून खाली नको. अख्ख्या मजल्याचा कट मात्र वाढवू नका, बुटक्या खिडक्या कटमधून सुटतील.

कुर्ला_पश्चिम:
मनापासून आभार! एलिव्हेशन परत आलं, व्हेंटिलेटरही दिसले. दोन गोष्टी उरल्या. खिडकीच्या बाहेरच्या आणि आतल्या कडेला रेषा जाड येतेय. आणि प्लॅन रीजनची तुटक चौकट प्रिंटमध्ये येतेय.

ओळंबा:
तुम्ही भिंतीच्या दोन्ही कडांवर सिम्बॉलिक लाइन काढल्यात ना? त्या पुसा. सिलखालची भिंत कट प्लेनच्या खाली असल्याने तिच्या कडा रेव्हिट आपणच प्रोजेक्शनमध्ये दाखवतो. तुमची रेषा त्यावर चढते, म्हणून जाड दिसते.

गुण्या:
चौकटीसाठी व्हीजी, अ‍ॅनोटेशन कॅटेगरीज, 'प्लॅन रीजन'ची टिक काढा. हे व्ह्यू टेम्प्लेटमध्येच (अनेक व्ह्यूंना एकत्र लागणाऱ्या सेटिंगच्या साच्यात) करा, म्हणजे चौदाही मजल्यांना एकदम लागेल. टेम्प्लेटमध्ये डिटेल लेव्हलही कोर्सवर टिक करून ठेवा. आणि शेजारशेजारच्या टॉयलेटांचे रीजन एकमेकांवर चढू देऊ नका. कडेला कड लागली तर चालते, पण ओव्हरलॅप झालेला रीजन रेव्हिट घेत नाही.