मदत हवी आहे: विमानाच्या पेट्रोलमधलं शिसं, हँगरमधलं काम आणि घरी गरोदर बायको

हँगरमधला

नमस्कार मंडळी. राज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये मी तंत्रज्ञ आहे. आमची शिकाऊ विमानं पिस्टन इंजिनाची, त्यांना एव्हगॅस 100 एलएल हे विमानाचं पेट्रोल लागतं. रंग निळा, आणि त्यात लिटरमागे 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं चालतं. म्हणजे 200 लिटरच्या एका पिंपात शंभर ग्रॅमच्या वर शिसं असू शकतं. रस्त्यावरच्या गाड्यांचं शिसंवालं पेट्रोल आपल्याकडे 2000 सालीच बंद झालं, त्यामुळे पेट्रोलपंपावरच्या मित्रांना विचारून काही हाती लागत नाही. त्यांचं पेट्रोल वेगळं, आमचं वेगळं.

काम असं: बाउजरमधून (इंधनाच्या टँकरमधून) इंधन भरणं, सकाळी टाकीखालच्या ड्रेनमधून नमुना काढून पाणी उतरलंय का ते बघणं, कार्बुरेटर उतरवणं. यात हात भिजतातच. सुटे भाग धुवायला हेच पेट्रोल, हाताचं ग्रीस काढायलाही हेच. स्पार्क प्लग साफ करायचं कामही माझ्याकडे आहे. सिलिंडरच्या खालच्या प्लगमध्ये शिशाचे करडे मणी साचतात, ते टोकरून काढायचे आणि मग प्लग ब्लास्टरवर, म्हणजे बारीक कणांचा मारा करून साफ करणाऱ्या यंत्रावर, धरायचा. धूळ उडते. हातमोजे मिळतात ते होजियरीचे, ते पेट्रोल पिऊन घेतात आणि उलट हाताला चिकटून बसतात.

बायकोला पाचवा महिना आहे. माझे डांगरी कपडे घरीच, सगळ्यांच्या कपड्यांबरोबर धुतले जातात. हे लक्षात आल्यापासून चैन नाही. इनचार्ज म्हणतात, इतकी वर्षं आम्ही केलं, कुणाला काय झालं? पण आमच्यातल्या एका सीनियरना बरेच दिवस झोप नाही, विनाकारण चिडतात. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

तपासणी कोणती करू? बायकोचीही करावी का? नोकरी सोडणं परवडणार नाही, लायसन्ससाठी अनुभवाचे महिने इथेच भरायचे आहेत. जाणकारांनी कृपया सांगा.

डॉ. कारखानेवाले

मी औद्योगिक आरोग्यात काम करतो. तुमच्याकडे शिसं दोन रूपांत येतंय, ते वेगळं ओळखा.

पेट्रोलमध्ये असतं ते टेट्राइथाइल लेड. ते तेलकट असल्यामुळे धडधाकट कातडीतूनही शरीरात उतरतं आणि मेंदूवर जातं. झोप उडणं, चिडचिड, भयानक स्वप्नं, पुढे भ्रम, ही त्याची लक्षणं. 1924 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार काही दिवसांत वेड्यासारखे होऊन मेले. ते शुद्ध रसायन हाताळत होते. तुमच्या पेट्रोलमध्ये ते फार पातळ झालेलं असतं, त्यामुळे तशी विषबाधा होईल असं मी म्हणणार नाही. सीनियरांची झोप इतर कारणांनीही गेली असेल, पण डॉक्टरांना दाखवताना कामाचं स्वरूप सांगायलाच हवं. नाहीतर कुणी शिशाचा विचारही करणार नाही.

दुसरं रूप प्लगवरचं. इंजिनात जळल्यावर शिशाचे क्षार होतात. ते कातडीतून फारसे जात नाहीत, पण धुळीतून फुप्फुसात आणि हातावरून पोटात जातात. माझ्या मते तुमचा मोठा धोका हा आहे. हँगरमध्ये तंबाखू मळणारे, बिस्किटाचा पुडा फोडणारे, विडी ओढणारे हात बघा.

तपासणी: शिरेतून काढलेल्या रक्तातलं शिसं. पहिल्या रूपासाठी रक्त पुरेसं सांगत नाही, म्हणून लघवीतलं शिसंही बघतात. सुरक्षित अशी पातळी नाही. डेसीलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडात मुरलेलं वर्षानुवर्षं राहतं.

ताईंची तपासणी नक्की करा. शिसं नाळेतून बाळाकडे जातं, आणि गरोदरपणात हाडातलं जुनं शिसंही रक्तात उतरतं. त्यांच्या डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नका, ही दोन्ही कमी असली की शिसं जास्त शोषलं जातं. आणि 'शरीर शुद्ध' करायला म्हणून कुठलंही भस्म घेऊ नका. नागभस्म शिशाचंच असतं.

जुना एएमई (विमान देखभाल अभियंता)

भाऊ, पेट्रोलने हात धुणं आजपासून बंद. भाग धुवायला मिनरल टर्पेंटाइन मागून घे. हातमोजे नायट्राइलचे वापर, लेटेक्स पेट्रोलपुढे टिकत नाही. आत भिजला की लगेच बदलायचा. प्लगचा ब्लास्टर बंद पेटीतला असावा, आणि टेबल ओल्या फडक्याने पुसायचं. कॉम्प्रेसरची हवा मारून टेबल किंवा अंगावरचे कपडे झटकायची सवय सगळ्या हँगरांत असते, ती सर्वांत वाईट.

ड्रेनचा नमुना जमिनीवर ओतू नका, डब्यात जमा करा. डांगरी आणि बूट हँगरमध्येच राहू देत. घरी धुवायचीच वेळ आली तर वेगळी धू, आणि स्वतः धू. वहिनींचा हात लागायला नको.

कायद्याचं बघणारी

इनचार्जना एवढं दाखवा: 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाची विषबाधा आणि टेट्राइथाइल लेडची विषबाधा या दोन वेगळ्या नोंदी होत्या, आणि असा रुग्ण आढळला तर डॉक्टरने कळवणं बंधनकारक होतं. सरकारने कायद्यात लिहून ठेवावा एवढा हा आजार जुना आणि माहितीतला आहे. तुमचा हँगर कारखाना धरला जातो का, ते कामगारसंख्येवर ठरेल. लेखी मागणी करा, पाच-सहा जणांनी मिळून. दाद लागली नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात अर्ज देता येतो.

हँगरमधला

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही सहा जणांनी सही करून अर्ज दिला. नायट्राइलचे मोजे आणि टर्पेंटाइन मंजूर झालं, ब्लास्टरचं अजून नाही. डांगरी आता लॉकरमध्येच ठेवतो. आम्ही दोघांनी रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय. सीनियरही तयार झालेत. डॉक्टर, लघवीची तपासणी ड्युटी संपल्यावर हँगरमधूनच देऊन निघालो तर चालेल का?

डॉ. कारखानेवाले

नाही, हँगरमध्ये नको. कपड्यावरची, हातावरची धूळ बाटलीत पडली तर आकडा खोटा वाढतो. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, लॅबने दिलेल्या बाटलीतच नमुना द्या. सोबत लघवीतल्या क्रिएटिनिन या घटकाचीही तपासणी करायला सांगा, नाहीतर लघवी पातळ की घट्ट यावरच आकडा हलतो. रिपोर्ट आले की तिघांचे आकडे इथे टाका. ताईंचा रिपोर्ट मात्र आधी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.