‘भारित रोपण’, ‘चौकट’, ‘स्थैर्य’ : योग्य मराठी शब्द कोणते?

दंतरोपणाची, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रूसारखं रोपण बसवून त्यावर कृत्रिम दात लावण्याची, माहितीपत्रिका मराठीत करतो आहे. एक वाक्य असं झालं: ‘चौकटीच्या द्रव्याचा तत्काळ भारित रोपणाच्या स्थैर्यावर परिणाम होतो.’ ज्यांना वाचून दाखवलं त्यांना काहीच कळलं नाही. काय बदलू?

— ‘भारित’ आधी काढा. विद्युतभारित कण आठवतो, नाहीतर मंत्राने भारलेला ताईत. ‘लगेच दात बसवलेलं’ही चालणार नाही, कारण कधी दात लगेच बसवतात पण समोरच्या दाताला टेकू देत नाहीत. ‘लगेच भार दिलेलं रोपण’ म्हणा; भार म्हणजे चावण्याचा.

— ‘चौकट’ही नको. चौकट बाहेरून धरते. इथला पट्टा दातांच्या आत दडलेला असतो आणि सगळी रोपणं एकमेकांना जोडतो. तो सांगाडाच.

— ‘स्थैर्य’ मला जास्त खटकतं, कारण त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. रोपण बसवताक्षणी आट्यांमुळे ते हाडात आवळलेलं असतं, तो घट्टपणा. पुढे नवं हाड टायटॅनियमला येऊन भिडतं, ते रुजणं. मध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास जुनी पकड सैलावलेली असते आणि नवी पुरती आलेली नसते. आधुनिक दंतरोपणाचे प्रवर्तक ब्रोनेमार्क यांच्या पद्धतीत म्हणूनच खालच्या जबड्यात 3 आणि वरच्या जबड्यात 6 महिने थांबत. लगेच भार द्यायचा तर हा नाजूक काळ चावता चावताच काढावा लागतो. ‘रोपण’ शब्द आपण स्वीकारलाच आहे, मग ‘रुजणे’ का नको? ‘अस्थिसंलग्नता’ कोशात राहू द्या.

— म्हणजे सांगाडा ‘कडक’ हवा असं लिहू?

— नको, ‘कडक’मध्ये तीन गुण मिसळतात. ओरखडा पडत नाही तो कठीण, तुटत नाही तो मजबूत, वाकत नाही तो ताठ. इथे मुख्यतः ताठपणा हवा. तो मोजणारा यंग गुणांक पीक (PEEK) या प्लॅस्टिकचा 3-4 गिगापास्कल, टायटॅनियमचा 110च्या आसपास, कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचा आणि झिरकोनिया या सिरॅमिकचा 200च्या वर. ताठ सांगाडा एका रोपणावरचा भार बाकीच्यांत वाटतो. लवचीक सांगाडा वाकतो, विशेषतः शेवटच्या रोपणापुढे लोंबणाऱ्या भागात, आणि जवळच्या रोपणाला जास्त हलवतो. ही हालचाल साधारण 50 ते 150 मायक्रॉनच्या पलीकडे गेली की हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होण्याची भीती असते.

— पण ताठ सांगाडा जरा जरी वाकडा बसला तरी स्क्रू आवळताच ताण थेट हाडावर येतो. लवचीक सांगाडा त्यातलं थोडं सामावून घेतो. त्यामुळे नुसतं ‘ताठ’ लिहिणं धोक्याचं.

— मान्य. मग असं: ‘लगेच भार द्यायचा असेल, तर रोपण हाडात रुजेपर्यंत त्याला हलू न देणारा, ताठ आणि ताण न देता बसणारा सांगाडा लागतो.’

— ‘ताण न देता बसणारा’ हे मला सुचलंच नसतं. ‘पॅसिव्ह फिट’साठी मी ‘निष्क्रिय जुळणी’ लिहून बसलो होतो. तेही आत्ताच खोडलं.