मदत हवी आहे : वर्ग अजिबात ऐकत नाही, त्यात मुख्याध्यापकाचा प्रभार

रानफूल (मंगळवार, रात्री ९.१०)
नमस्कार. लांबण लावत नाही. दीड महिना झाला, वर्ग ऐकतच नाही. ओरडून घसा बसलाय. टेबलावर डस्टर आपटून झालं, मुलांना उभं करून झालं, पालकांना बोलावून झालं. दोन मिनिटं शांत, की पुन्हा तोच कल्ला. मागच्या वर्षी हीच मुलं होती आणि असं नव्हतं.
त्यातच मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्याकडे आलाय. शेजारच्या वर्गातले सर माझ्यापेक्षा सेवाज्येष्ठ आहेत, पण त्यांनी प्रभार घ्यायला नकार दिला. त्यांचा वर्ग चिडीचूप असतो. परवा स्टाफसमोर मला म्हणाले, "आधी वर्ग सांभाळा, मग शाळा." रात्रभर झोप नाही.
सोमवारी केंद्रप्रमुखांची (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) भेट आहे. त्याआधी लागू पडेल असं काहीतरी सांगा. "मुलांवर प्रेम करा" असं कृपया कोणी लिहू नका, ते मी करतेच.

खडूफळा (९.२२)
कितवीचा वर्ग? पट किती? जिल्हा परिषद की खासगी? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

गुरुजी३४ (९.३१)
३४ वर्षं नोकरी केली, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. छडी टेबलावर दिसेल अशी ठेवा. मारू नका, नुसती ठेवा. आजकालच्या शिक्षकांना वचक म्हणजे काय हेच माहीत नाही.

कलम१७ (९.३८)
गुरुजी, आदरपूर्वक सांगतो, बाईंना अडचणीत आणू नका. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ : शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक त्रासही नाही. मोडलं तर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. टेबलावर ठेवलेली छडी कशासाठी असते, हे पोराला बरोबर कळतं.

गुरुजी३४ (९.४५)
माझ्या हातून शिकलेली मुलं आज रस्त्यात भेटली की पाया पडतात. कायदा नंतर आला.

कलम१७ (९.४९)
पाया पडतात ती भेटतात. शाळा सोडून गेलेली भेटत नाहीत. माझा सख्खा चुलतभाऊ चौथीत मार खाऊन घरी बसला, तो आजतागायत बसलाय. म्हणून मी या विषयावर गप्प राहत नाही.

टेकगुरू (९.५२)
मॅडम, लोकवर्गणीतून इंटरॅक्टिव्ह पॅनल घ्या. आमच्या शाळेत आल्यापासून मुलं जागची हलत नाहीत. सोबत सोलरही बसवून घ्या. कोटेशन कसं मागवायचं ते सविस्तर लिहू का?

रानफूल (१०.०५)
पॅनल नको. सोमवारपर्यंत काय करू ते सांगा.
जिल्हा परिषद शाळा, सातवी, पट ३१.

खडूफळा (१०.११)
३१ म्हणजे फार नाही. वर्गात फक्त सातवीच बसते ना? शाळेत शिक्षक किती?

रानफूल (१०.२०)
सहावीसुद्धा माझ्याकडेच आहे, २३ मुलं. एकत्रच बसतात. पहिली ते सातवीला आम्ही चौघं. हे तर सगळीकडेच आहे, म्हणून लिहिलं नाही.

जोडवर्गवाली (१०.३४)
अहो बाई, हे आधी लिहायचं ना! ५४ मुलं आणि दोन इयत्ता, म्हणजे प्रश्नच वेगळा झाला. मी अकरा वर्षं जोडवर्ग घेतलाय. सातवीला गणित शिकवताना सहावी काय करत असते? "वाचत बसा" सांगितलं असेल तर ती मुलं मोकळीच आहेत असं समजा. एका इयत्तेला शिकवायचं असेल तेव्हा दुसरीच्या हातात लिहून संपवायचं काम हवं, आणि ते तपासायला विषयमित्र हवा, म्हणजे त्या विषयात बाकीच्यांना मदत करणारं वर्गातलंच एक मूल. इयत्तेप्रमाणे दोन बाजूंना बसवू नका. चार-पाच जणांचे गट करून पाठीला पाठ लावून बसवा. तुम्ही खुर्चीत बसायचंच नाही.

कलम१७ (१०.४१)
कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक आणि ३५ मुलांमागे एक, असं स्पष्ट आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

जोडवर्गवाली (१०.४४)
पत्र जरूर द्यावं. पण उद्या दुपारी वर्गात पत्र शिकवायला येणार नाही.

गोदाकाठ (१०.५८)
मला एकच विचारायचंय. कल्ला दिवसभर असतो की ठरावीक वेळेला? परिपाठानंतरच्या पहिल्या तासाला कसे असतात?

रानफूल (११.०२)
सकाळी बरे असतात. खरं तर चांगले असतात. जेवणानंतर बिघडतं ते शाळा सुटेपर्यंत.

गोदाकाठ (११.१०)
मग तुमचा वर्ग "अजिबात ऐकत नाही" असं नाही. दुपारचा वर्ग बसत नाही. उद्या एक काम करा. मुलांना काही बोलू नका, काही बदलू नका. जेवणाच्या घंटेपासून तास सुरू होईपर्यंत घड्याळ बघून काय काय घडतं ते लिहा आणि इथे टाका.

नवीनशिक्षक (११.२६)
विषयांतराबद्दल क्षमस्व. प्रभारी मुख्याध्यापकाला भत्ता मिळतो का? मी शिक्षणसेवक आहे, म्हणजे अजून कायम नाही, मानधन १६,००० आणि आमच्याकडे प्रभार माझ्या गळ्यात येतोय.

गुरुजी३४ (११.३०)
शिक्षणसेवकाला प्रभार? काय दिवस आलेत.

रानफूल (बुधवार, रात्री ८.१५)
लिहिलं. जसं झालं तसं टाकते.
१.४० घंटा. वाढप संपायला १.५५. ताटं धुवायला हौदाला दोन तोट्या, त्यातली एक नुसती ठिबकते, आणि रांगेत सगळी शाळा. दुसरी घंटा २.१० ला होते. तेव्हा वर्गात नऊ मुलं होती, बाकीची हौदावर. शेवटची मुलगी आली २.३१ ला, ओलं ताट छातीशी धरून, फ्रॉक पुढून भिजलेला. आधी आलेली नऊ जणं तोवर बाकांवरून उड्या मारत होती. प्रत्येक नवीन मूल दारातून आलं की स्टीलचं ताट दप्तरात कोंबायचं, खणखणाट, शेजारच्याला पाण्याचे शिंतोडे, आणि भांडण.
आणि मी कुठे होते? ऑफिसात. जेवण चाखून भरायची चव नोंदवही, पोषण आहाराची नोंद, आणि वरून मागवलेल्या माहितीची ग्रुपवर आलेली लिंक "२.३० पर्यंत भरा". नेट नाही म्हणून गेटबाहेर उभी. वर्गात गेले तेव्हा २.३५ झाले होते आणि गेल्या गेल्या ओरडले.
हे लिहिताना हात थरथरत होता. पंचवीस मिनिटं वर्गाला कोणीच नसतं. मागच्या वर्षी प्रभार नव्हता, मी २.१० ला वर्गात असायचे.

गोदाकाठ (८.३०)
बाई, हे लिहिलंत तिथेच निम्मं काम झालं. जेकब कूनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून १९७० मध्ये निष्कर्ष मांडले. मूल दंगा करू लागल्यावर शिक्षक त्याला कसं रागावतो, यावरून चांगला वर्ग आणि बिघडलेला वर्ग वेगळा काढता येईना. फरक होता तो आधीच्या गोष्टींत : शिक्षकाचं सगळीकडे लक्ष आहे हे मुलांना जाणवतं का, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मध्ये पोकळी राहते का. तुमची पोकळी पंचवीस मिनिटांची आहे.
जेवायला सोडायच्या आधी फळ्यावर काम लिहून ठेवा. पहिलं मूल २.०५ ला आलं तरी त्याच्यासाठी काम तयार पाहिजे. पाठ्यपुस्तकातलं नको, त्या दिवसाचंच काढा. उदाहरणार्थ : आज दोन्ही वर्ग मिळून हजर किती? सहावी-सातवीला माणशी १५० ग्रॅम तांदूळ, तर किती किलो शिजला असेल? दाराजवळ एक टोपली ठेवा, ताटं तिथेच उपडी घालायची, दप्तरात नाहीत.

जोडवर्गवाली (८.४१)
टोपलीला माझा पाठिंबा. पण नळाचं काय? आमच्याकडे तीन टब आहेत : एकात खरकटं, एकात राख किंवा साबणाचं पाणी, एकात स्वच्छ पाणी. लहान वर्ग आधी, मोठे शेवटी. मोठ्यांना दहा मिनिटं उशिरा सोडलं तर रांगच लागत नाही.

कलम१७ (८.४६)
साबणाच्या पाण्यात मुलांनी हात घालणं योग्य आहे का? ताटं धुणं हे मुलांचं काम नाही, असं माझं मत.

जोडवर्गवाली (८.५०)
स्वतःचं ताट धुतलं तर काय झालं? घरी धुतातच. दुसऱ्यांची धुवायला लावली तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

पाणंद (९.१२)
मी केंद्रप्रमुख आहे. लिंकबद्दल लिहितो, कारण आमच्या नावाने सगळे बोटं मोडतात. मलाही वरून "तासाभरात" असाच निरोप येतो. पण शिक्षकांना दुपारी अध्यापन सोडून गेटबाहेर उभं राहावं लागतं, हे मला कोणी कधी सांगितलं नाही. सोमवारी तुमचे केंद्रप्रमुख आले की कोऱ्या कागदावर ही नोंद द्या : २.१० ते २.३५, किती दिवस, काय कारण. तक्रारीच्या सुरात नको, नुसते आकडे. माझ्या केंद्रातल्या बाईंनी असं दिलं असतं तर मी माहिती मागवायची वेळ चारनंतरची ठेवली असती. उद्यापासून ठेवणारच आहे.

नवीनशिक्षक (९.२०)
सर, तुमच्याकडे बदली मिळेल का?

खडूफळा (९.३३)
त्या ज्येष्ठ सरांचं राहूनच गेलं. नियमाप्रमाणे नोटीस काढा. प्रभारी असलात तरी मुख्याध्यापक तुम्ही आहात. स्टाफसमोर अपमान कसा सहन करता?

जोडवर्गवाली (९.४०)
नोटीस? चार जणांच्या शाळेत? दुसऱ्या दिवशी चौघं एकाच व्हरांड्यात डबा खाणार आहेत. बाई, एकट्यात बोला. "सर, लागलं मला ते" एवढंच म्हणा आणि त्याच वेळी कामाचं विचारा : दुपारची रांग तुम्ही बघाल का? त्यांचा आवाज चालतो ना, मग हौदावर चालू द्या.

गुरुजी३४ (९.५५)
हे मात्र पटलं. मी ज्येष्ठ होतो, प्रभार नाकारला होता आणि नंतरच्या बाईंना टोचून बोललोही होतो. त्यांनी मला एकदा जरी काही विचारलं असतं, तर मी केलं असतं. कोणी विचारत नाही, याचाच राग असतो.

रानफूल (गुरुवार, सकाळी ६.५०)
गुरुजी, हे लिहिल्याबद्दल आभार. निघते.

रानफूल (पुढचा बुधवार, रात्री ९.०५)
उशिरा लिहितेय, माफ करा.
केंद्रप्रमुख सोमवारी आले, पण सकाळी ११ ला. तेव्हा वर्ग चांगलाच असतो. शेरा चांगला दिला. दुपारचा कागद दिला, त्यांनी घडी करून खिशात ठेवला, बोलले काही नाही. लिंका अजून दुपारीच येतात. मी आता फोन कपाटात ठेवते आणि शाळा सुटल्यावर भरते. मंगळवारी त्यावरून ग्रुपवर माझं नाव आलं. येऊ दे.
सरांशी बोलले. "बघतो" म्हणाले आणि दोन दिवस फिरकले नाहीत. काल आले, काही न बोलता ठिबकणाऱ्या तोटीला सुतळी आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून गेले. आता दोन्ही तोट्यांना पाणी येतं. रांग मीच बघते.
सोमवारी फळ्यावर तांदळाचं गणित लिहिलं. हजर ४९. पहिल्या आलेल्या तिघांनी ७ किलो ३५० ग्रॅम काढलं. सहावीतला एक, ज्याच्या नावाने मी सगळ्यात जास्त ओरडायचे, तो उठला आणि स्वयंपाकाच्या मावशींना विचारून आला की त्यांनी किती मोजला. "बाई, त्या डब्याने मोजतात. डब्यात किती बसतो?" मी म्हटलं, तूच सांग. उद्या ताजवा आणतोय म्हणाला, त्याच्या घरी दुकान आहे.
कल्ला आहेच, पण २.२० ला मी बोलू शकते. सहावीचं हातातलं काम अजून लवकर संपतं, तिथे अडलेय. जोडवर्गवाली ताई, विषयमित्र निवडताना हुशार मुलंच घेता का?

जोडवर्गवाली (९.२८)
नाही. ताजवा आणणाऱ्याला घ्या.