मदत हवी आहे : बर्थलमय आणि नथनेल एकच का?

नमस्कार मंडळी. येशूच्या बारा प्रेषितांची (त्याने निवडलेल्या शिष्यांची) नावं जुळवताना बर्थलमयापाशी अडकलोय. बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी (शुभवर्तमानांपैकी) मत्तय, मार्क, लूक या तिघांच्याही यादीत तो फिलिप्पाच्या लगेच नंतर येतो. चौथ्या, योहानाच्या शुभवर्तमानात मात्र त्याचं नावच नाही. तिथे फिलिप्प ज्याला येशूकडे आणतो तो नथनेल, गालीलातल्या काना गावचा. आणि हा बाकी तिघांत कुठेच नाही! 'बर्थलमय' म्हणजे अरामी भाषेत 'तल्मयाचा मुलगा', म्हणजे हे वडिलांच्या नावावरून पडलेलं नाव. मग नथनेल हे त्याचं स्वतःचं नाव असणार, असं मला मनापासून वाटतं. पण फिलिप्पाची सोबत सोडली तर याला दुसरा काही जुना आधार आहे का? ग्रीक किंवा सिरियाक (अरामीचीच एक जुनी बोली) जाणणाऱ्यांनी कृपया जरूर लिहा.