स्पाउस व्हिसावर एकटी निघतेय: नेवार्कला उतरू की शिकागोला?

निघालेली

नमस्कार. माझा सीआर-१ (नागरिकाच्या जोडीदाराचा इमिग्रंट) व्हिसा आला आणि घरात नवीन वाद सुरू झाला: मी उतरायचं कुठे? नवरा अमेरिकन नागरिक आहे आणि इंडियानातल्या कोलंबसला राहतो. ओहायोतलं मोठं कोलंबस नव्हे. हे इंडियानापोलिसच्या दक्षिणेला पाऊण-एक तासावरचं छोटं गाव. कमिन्सचं मुख्यालय तिथे असल्यामुळे पुण्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. त्याला सुट्टी मिळत नाहीये, त्यामुळे प्रवास एकटीचा. याआधी मी देशाबाहेर कधी गेलेली नाही.

एक पर्याय दिल्लीमार्गे नेवार्क. तिथे न्यू जर्सीतच एडिसनला माझी मावसबहीण असते, ती घ्यायला येईल. रात्री तिच्याकडे राहायचं आणि दुसऱ्या दिवशी इंडियानापोलिसचं विमान पकडायचं. आईला हेच हवंय, कारण उतरल्या उतरल्या घरचं माणूस भेटेल. दुसरा पर्याय युरोपमार्गे शिकागो आणि पुढे इंडियानापोलिस. सगळं एका तिकिटावर, पण शिकागोत मध्ये फक्त एक तास पन्नास मिनिटं आहेत. तिसरा, अबू धाबीमार्गे शिकागो. तिथे नवरा गाडी घेऊन येईल.

त्यात काकांनी डोक्यात भरवलंय की न्यूयॉर्क-नेवार्ककडे फार उलटतपासणी होते, तिकडे फिरकूच नकोस. शिवाय फॉर्ममध्ये मी पत्ता इंडियानाचा दिलाय. मग न्यू जर्सीत उतरलं तर कोणी हरकत घेईल का?

लग्नाला १२ मार्चला दोन वर्षं होतील. तो दिवस एकत्र असावा म्हणून ८ मार्चचं तिकीट बघतेय. व्हिसाची मुदत जूनपर्यंत आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.

दूरदेशी

अभिनंदन. पत्त्याची काळजी सोडून द्या. इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेच्या कुठल्याही पोर्ट ऑफ एंट्रीवर, म्हणजे प्रवेशाच्या ठिकाणी, उतरता येतं. फॉर्ममधला पत्ता ग्रीन कार्ड कुठे पाठवायचं यासाठी असतो. अधिकारी तो विचारून खात्री करतो, आणि बदलला असेल तर तिथेच सांगता येतो.

काका म्हणतात ते मीही ऐकलंय, नेवार्कबद्दल आणि शिकागोबद्दल आणि सॅन फ्रान्सिस्कोबद्दलही. तुमच्या लग्नाची कागदपत्रं, नवऱ्याचं उत्पन्न, मेडिकल हे सगळं कॉन्सुलेटमध्ये तपासून झालंय. प्रवेश द्यायचा अधिकार विमानतळावरच्या माणसाचा असतो हे खरं, पण त्याच्यासमोर तीच फाइल असते. फरक पडतो तो गर्दीचा. सीबीपीच्या (सीमेवर तपासणी करणाऱ्या अमेरिकन खात्याच्या) संकेतस्थळावर प्रत्येक विमानतळावर कोणत्या तासाला रांगेत किती वेळ गेला याचे आकडे मिळतात. तुमचं विमान ज्या वेळेला उतरणार तो तास काढून बघा. युरोपातली बरीच विमानं दुपारी एकापाठोपाठ उतरतात, त्यामुळे तेच विमानतळ सकाळी आणि दुपारी अगदी वेगळं असू शकतं.

गारवा

ताई, मीही याच व्हिसावर एकटीच आले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही विमानतळ निवडताय, पण खरं तर उतरल्यानंतरचे पहिले चार तास कुठे आणि कसे जाणार हे निवडताय. तिथूनच विचार करा.

विमानातून उतरलात की पहिली रांग पासपोर्टची. काही ठिकाणी नव्या इमिग्रंटना नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांच्या रांगेत पाठवतात, काही ठिकाणी व्हिजिटरच्या. उभं राहण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्याला व्हिसाचं पान दाखवून विचारा. खिडकीवर बोटांचे ठसे आणि फोटो होतात. मग बहुतेक वेळा तुमचा पासपोर्ट एका फोल्डरमध्ये घालून तुम्हाला आतल्या खोलीत पाठवतात. याला सेकंडरी म्हणतात. नाव ऐकून पोटात गोळा येतो, पण नव्या इमिग्रंटचं काम तिथेच पूर्ण होतं म्हणून पाठवतात. संशय आला म्हणून नव्हे.

ती खोली मला अजून जशीच्या तशी आठवते. खुर्च्यांच्या रांगा, समोर उंच काउंटर, भिंतीवर फोन वापरू नका अशी पाटी. कुणी विद्यार्थी, कुणाच्या कडेवर झोपलेलं बाळ, एक आजोबा मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट धरून बसलेले. अधिकारी आडनाव पुकारतो, आणि आपलं आडनाव त्याच्या तोंडून असं काही येतं की आपल्यालाच ओळखू येत नाही. कान तिकडेच ठेवा. मला विचारलं ते एवढंच: नवरा काय करतो, पत्ता हाच ना, पूर्वी कधी आला होतात का. प्रश्नोत्तरं चुटकीसरशी संपली. वेळ गेला तो नंबर येण्यात. कधी वीस मिनिटं लागतात, कधी दोन तास. आधी सांगता येत नाही, आणि तुम्ही आत असेपर्यंत बाहेरच्या माणसाला काही कळवताही येत नाही.

म्हणून तो एक तास पन्नास मिनिटांचा पर्याय मी काढूनच टाकेन. पुढचं विमान देशांतर्गत असलं तरी इमिग्रेशन पहिल्याच अमेरिकन विमानतळावर होतं. बॅगाही तिथेच पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टम्समधून न्यायच्या, पुन्हा विमान कंपनीकडे द्यायच्या आणि परत सिक्युरिटीतून जायचं. शिकागोत आंतरराष्ट्रीय विमानं साधारणपणे टर्मिनल ५ ला येतात आणि पुढची बरीच विमानं दुसऱ्या टर्मिनलवरून सुटतात, म्हणजे मध्ये ट्रेनही आली. एका तिकिटावर असल्यामुळे विमान चुकलं तरी कंपनी पुढच्या विमानात बसवेल हे खरं. पण पहिल्याच दिवशी, झोप नसताना, त्या खोलीत घड्याळाकडे बघत बसायची वेळ कोणावर येऊ नये. जोडविमानच घ्यायचं असेल तर मध्ये चार तास ठेवा.

नेवार्कमध्ये बहीण येणार हे फार मोलाचं आहे. रात्री तिच्याकडे राहणार असाल तर इमिग्रेशनला कितीही वेळ लागो, काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशीचं विमान मात्र दुपारचं घ्या.

तरी मला विचाराल तर नवरा जिथे येऊन उभा राहील ते विमानतळ. शिकागोचं ओहेअर विमानतळ ते कोलंबस साधारण चार तास, बराचसा रस्ता आय-६५ महामार्गाचाच. एकदा दारातून बाहेर पडलात की पुढे कुठली रांग नाही, बॅगेचं वजन नाही, गेट शोधणं नाही. तुमच्या आईला सांगा, घरचं माणूस तिथेही आहे, आणि ते आता सगळ्यात जवळचं आहे.

केवडा

अबू धाबीबद्दल एक सांगायला हवं. तिथे अमेरिकेचं प्रीक्लिअरन्स आहे, २०१४ पासून. म्हणजे इमिग्रेशन, कस्टम्स सगळं अमेरिकेच्या विमानात बसायच्या आधी अबू धाबीतच होतं आणि शिकागोत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारख्या बाहेर पडता. माझ्या वहिनीचं इमिग्रंट व्हिसाचं काम तिथेच झालं. शिकागोत दादा फुलं घेऊन उभा होता आणि ही त्याच्या अंदाजाच्या कितीतरी आधी बाहेर.

अट एकच: अबू धाबीत मध्ये वेळ भरपूर हवा. तिथे सेकंडरीत अडकून विमान सुटलं तर पुढचं कदाचित दुसऱ्या दिवशीच मिळेल, आणि त्या शहरात तुमचं कोणी नाही. तीन तासांच्या खाली जाऊ नका.

निघालेली

सगळ्यांचे मनापासून आभार. गारवाताई, तुमचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, जावईबापूंना वेळेवर निघायला सांग.

अजून एक शंका. मैत्रिणीला कॉन्सुलेटने सीलबंद पाकीट दिलं होतं, मला काहीच दिलेलं नाही. पासपोर्टबरोबर राहिलं का कुठे? आणि फोन वापरता येत नाही म्हणता, मग नवऱ्याला कळवू कसं?

गारवा

व्हिसाच्या पानावर तळाकडची छापील ओळ वाचा. तिथे "आयव्ही डॉक्स इन सीसीडी" असं असेल तर तुमची फाइल त्यांच्या संगणकात आहे, पाकीट नसतंच. ज्यांना पाकीट मिळतं त्यांनी ते फोडायचं नाही आणि हातातल्या बॅगेतच ठेवायचं. छातीचा एक्स-रे दिला असेल तर तोही हातातल्या बॅगेत. लग्नाचा दाखला, व्हिसाच्या कागदांच्या प्रती, नवऱ्याचा पत्ता आणि नंबर कागदावर लिहून, सगळं एका फोल्डरमध्ये.

नवऱ्याला आजच सांगून ठेवा: उतरले असा मेसेज आल्यावर दोन तास काही आलं नाही तरी घाबरायचं नाही. आणि शिकागोचं घड्याळ कोलंबसच्या एक तास मागे असतं, हे त्याला माहीत असेलच, पण तिकिटावरची वेळ वाचताना दोघांनी एकदा बोलून घ्या.

यूएससीआयएसची (ग्रीन कार्ड देणाऱ्या खात्याची) इमिग्रंट फी भरलीत का? १ एप्रिल २०२४ पासून २३५ डॉलर आहे, ऑनलाइन भरायची. ती भरल्याशिवाय कार्ड छापत नाहीत. व्हिसावर शिक्का बसला की तेच पान वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतं, त्यामुळे कार्ड यायला वेळ लागला तरी नोकरी शोधायला अडचण नाही.

दूरदेशी

अहो थांबा, तिकीट काढलं नाहीत ना अजून? तुमचा पहिला मजकूर परत वाचला. आपण सगळे विमानतळावर बोलत बसलोय आणि तुमच्यासाठी त्याहून मोठी गोष्ट तारीख आहे.

प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर ग्रीन कार्ड सशर्त मिळतं, फक्त दोन वर्षांचं. मग ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे अट काढून टाकण्याचा अर्ज, भरायचा. त्याची फी ७५० डॉलर, वर एकत्र संसाराचे पुरावे जमवायचे: बँकेचं खातं, घराचा करार, विमा, फोटो. आणि निकालाची वाट लांबत जाते. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर प्रवेश केलात तर तुम्ही आयआर-१ या बिनशर्त प्रकारात मोडता आणि कार्ड दहा वर्षांचं मिळतं, यातलं काहीच करावं लागत नाही.

व्हिसा जूनपर्यंत आहे म्हणताय. मग ८ मार्चला का उतरताय? १२ च्या पुढे जा, आणि अगदी काठावरही नको. १६-१७ मार्च घ्या.

व्हिसावर सीआर-१ छापलेलं आहे म्हणून अधिकारी सवयीने तोच शिक्का मारेल. पासपोर्ट देतानाच सांगा की लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालीत, आणि लग्नाचा दाखला पुढे करा. काउंटर सोडण्याआधी शिक्क्यावर हाताने काय लिहिलंय ते वाचा. चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करून मागा. नंतर ते फार जिकिरीचं होतं. अबू धाबीमार्गे गेलात तर हे संभाषण अबू धाबीत होईल, एवढंच.

निघालेली

हे कोणीच सांगितलं नव्हतं, ना एजंटने, ना काकांनी. आत्ता नवऱ्याला उठवून सांगितलं. तो आधी हिरमुसला, कारण १२ तारखेला त्याने काहीतरी ठरवून ठेवलं होतं. मग आय-७५१ बद्दल स्वतः वाचलं आणि म्हणाला, तिकीट १७ चंच काढ.

अबू धाबीमार्गे शिकागो, मध्ये साडेतीन तास. लग्नाचा दाखला इंग्रजीत आहे, तोच वर ठेवते. सासूबाईंनी तुळशीच्या बिया दिल्यात, त्या चालतील का?

केवडा

तिकीट छान मिळालं. बिया नेऊच नका. पेरायच्या बियांना वेगळे नियम आणि कागद लागतात, आणि न सांगता नेल्या तर दंड होतो. खाण्याचं जे काही बॅगेत असेल ते विचारल्यावर सगळं सांगा. सांगितलेल्या वस्तूबद्दल दंड होत नाही, फार तर ती काढून घेतात. प्रीक्लिअरन्समध्ये बॅग तुमच्या हातात नसते, ती पुढे गेलेली असते. पडद्यावर तिचा फोटो दाखवून ही तुमचीच ना असं विचारतात. बॅगेला ठळक रंगाची नाडी बांधा, म्हणजे लगेच ओळखाल.