मदिराँ वाईनसोबत काय वाढू? मदत हवी आहे

मंडळी, आम्ही तुलूझला राहतो. शनिवारी काही फ्रेंच मित्र जेवायला येताहेत आणि घरात मदिराँची २०१६ची बाटली आहे. नैऋत्य फ्रान्सची ही रेड वाईन, १९४८पासून एओसी (ठरावीक प्रदेशाच्या नावाने विकण्याचा अधिकृत) दर्जा मिळालेली, मुख्यतः ताना द्राक्षाची. रंग जवळजवळ काळा, आणि पहिल्याच घोटाला कच्ची सुपारी चघळल्यासारख्या हिरड्या आवळतात.

इथे ती बदकाच्या कॉन्फीबरोबर (चरबीत मंद आचेवर शिजवलेलं मांस) किंवा कासुलेबरोबर (पांढरा घेवडा आणि मांस एकत्र शिजवून केलेला पदार्थ) पितात. ते पटतं, कारण मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनचा (द्राक्षाच्या साली-बियांतून वाईनमध्ये येणाऱ्या द्रव्याचा) तुरटपणा बराच खाली आणतात. कॉन्फी करणारच आहे. प्रश्न मटणाचा आहे! सासूबाई सध्या इथेच आहेत आणि त्यांना पाहुण्यांना आपलं मटण खाऊ घालायचंय. मला त्यांचं मन मोडायचं नाही. पण तिखटाने तुरटपणाही वाढतो आणि अल्कोहोलची जळजळही. मिरची अगदी बेताची ठेवून, भाजलेलं सुकं खोबरं आणि कांदा घालून अंगाबरोबर रस्सा केला तर जमेल का? कुणी करून पाहिलंय?

आणखी एक, बाटली किती तास आधी डिकँटरमध्ये (वाईनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या काचेच्या भांड्यात) ओतावी? शेवटी ओसो-इराती हे मेंढीच्या दुधाचं चीज ठेवायचं ठरलंय, त्याबद्दल शंका नाही.