तारीख नसलेला न्यूयॉर्क सबवेचा नकाशा : अक्षरांवरून साल कसं काढायचं?

नकाशेगठ्ठा

न्यूयॉर्क सबवेचे, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचे, चार जुने नकाशे स्कॅन करून ठेवले आहेत. खालचा कोपरा चारही ठिकाणी कापला गेलाय, त्यामुळे छपाईचा महिना-साल कळत नाही. मार्गांची अक्षरं आणि रंग मात्र स्वच्छ दिसतात.

पहिला : के आहे, निळा. आर अस्टोरियाला जाते. डी दोनदा दाखवलीय, एकदा नारिंगी आणि एकदा पिवळी. विमानाचं चिन्ह असलेला एक मार्गही आहे.

दुसरा : क्यू नारिंगी, आणि ती २१वा रस्ता-क्वीन्सब्रिजपर्यंत. ९ आहे. बी १६८व्या रस्त्यापर्यंत.

तिसरा : क्यू पिवळी आणि दोन प्रकारची, एक गोलात, एक पत्त्यांतल्या चौकटसारख्या आकारात. डब्ल्यू कोनी आयलंडला. १ नंबर थेट ब्रुकलिनमध्ये न्यू लॉट्सला. ९ नाही, व्ही नाही. एन आणि आर आहेत.

चौथा : एम नारिंगी. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही गायब.

साल कसं काढायचं? आणि ही अक्षरं इतक्या वेळा का हलली, यामागे काही सूत्र आहे का?

सांधेवाला

सूत्र आहे. आधी रंगाचं. १९७९च्या नकाशापासून रंग मार्गाला नाही, तर मॅनहॅटनमधल्या मुख्य लाइनीला मिळतो. एट्थ अॅव्हेन्यू निळी, सिक्स्थ अॅव्हेन्यू नारिंगी, ब्रॉडवे पिवळी, नॅसॉ स्ट्रीट तपकिरी, लेक्सिंग्टन हिरवी, सेव्हन्थ अॅव्हेन्यू लाल. म्हणजे एखादं अक्षर मॅनहॅटनमध्ये दुसऱ्या बोगद्यातून जायला लागलं की त्याचा रंग बदलतो, ब्रुकलिनमधला मार्ग तोच राहिला तरी. १९७९च्या आधी प्रत्येक मार्गाला आपापला रंग होता, त्या काळच्या नकाशांना हा नियम लावू नका.

आता तुमचे नकाशे.

पहिला. ६ मे १९८५ला जोडाक्षरं, म्हणजे एए, सीसी, जीजी, आरआर, रद्द झाली. १९३२मध्ये एट्थ अॅव्हेन्यू लाइन सुरू झाली तेव्हापासून एक अक्षर म्हणजे एक्सप्रेस आणि तेच अक्षर दोनदा म्हणजे लोकल, अशी पद्धत होती (आपल्याकडच्या फास्ट-स्लोसारखी). त्या दिवशी एएची के झाली, आरआरची आर. ही निळी के डिसेंबर १९८८मध्ये सीमध्ये विलीन झाली. आर अस्टोरियाला होती ती २३ मे १९८७पर्यंतच. दुहेरी डी मात्र मॅनहॅटन पुलाच्या कामामुळे, आणि ते काम सुरू झालं एप्रिल १९८६च्या शेवटी. म्हणजे नकाशा एप्रिल १९८६ ते मे १९८७ या वर्षभरातला. विमानाचं चिन्ह जेएफके एक्सप्रेसचं, ती १९७८ ते १९९० धावली, तेही जुळतं.

दुसरा. ६३व्या रस्त्याची लाइन क्वीन्सब्रिजपर्यंत २९ ऑक्टोबर १९८९ला उघडली. बी आणि सी यांनी उत्तरेकडची टोकं आपसांत बदलली १ मार्च १९९८ला : त्याआधी बी १६८व्या रस्त्याला आणि सी ब्राँक्समधल्या बेडफर्ड पार्कला, त्यानंतर उलट. म्हणजे १९८९ ते १९९८. अक्षरांवरून याहून जवळ जाता येणार नाही, त्यासाठी स्टेशनांची नावं तपासावी लागतील.

तिसरा सगळ्यांत सोपा. पिवळी क्यू आणि डब्ल्यू म्हणजे २२ जुलै २००१नंतर. १ नंबर न्यू लॉट्सला म्हणजे ११ सप्टेंबरनंतर : वर्ल्ड ट्रेड सेंटरखालचा बोगदा चेंबर्स स्ट्रीटच्या दक्षिणेला कोसळला होता, म्हणून साउथ फेरीला जाणारी १ नंबर ३च्या वाटेने ब्रुकलिनला वळवली, ३ला १४व्या रस्त्यावर थांबवलं आणि ९ बंद ठेवली. हे १५ सप्टेंबर २००२पर्यंत चाललं. पण तुमच्याकडे व्ही नाही, आणि व्ही डिसेंबर २००१च्या मध्यात सुरू झाली. शिवाय हल्ल्यानंतरचे काही आठवडे एन-आर बंद होत्या आणि आरच्या ब्रुकलिनमधल्या टोकाला, बे रिजला, 'जे' ही गाडी पाठवत होते. एन-आर ऑक्टोबरअखेर परतल्या. तुमच्या नकाशात त्या आहेत. म्हणजे नोव्हेंबर किंवा डिसेंबरचा पहिला पंधरवडा, २००१. जपून ठेवा.

चौथा : २८ जून २०१० ते ६ नोव्हेंबर २०१६. डब्ल्यू ७ नोव्हेंबर २०१६ला परत आली.

पूर्वकाठ

वरचं सगळं बरोबर, पण 'दुहेरी डी पुलाच्या कामामुळे' एवढ्यावर सोडलं तर उरलेला गोंधळ कळणार नाही. १९८६ ते २००४मधल्या ब्रुकलिनच्या जवळजवळ प्रत्येक बदलाचं मूळ मॅनहॅटन पुलाचं दुखणं आहे.

१९०९च्या या पुलावर सबवेचे चार रूळ आहेत, दोन उत्तरेच्या कडेला, दोन दक्षिणेच्या कडेला, मधे मोटारींचा रस्ता. चूक इथेच झाली. सर्वांत जड ओझं मधोमध न ठेवता कडांवर ठेवलं. एका बाजूने गाडी गेली की ती कड खाली वाकते, दुसरी तशीच राहते, आणि अख्खा पूल पिळला जातो. दिवसाला शेकडो गाड्या, वर्षानुवर्षं. पोलादाला तडे गेले, आणि दुरुस्तीसाठी एकेक बाजू बंद करण्याशिवाय मार्ग उरला नाही.

नोव्हेंबर १९६७च्या क्रिस्टी स्ट्रीट जोडणीनंतर उत्तरेचे रूळ सिक्स्थ अॅव्हेन्यूला जातात आणि दक्षिणेचे ब्रॉडवेला. म्हणून :

एप्रिल १९८६ ते डिसेंबर १९८८, उत्तर बाजू बंद. सिक्स्थ अॅव्हेन्यूच्या बी आणि डी ३४व्या रस्त्यावर अडकल्या. ब्रुकलिनमध्ये त्याच अक्षरांच्या वेगळ्या गाड्या ब्रॉडवेवरून, म्हणून पिवळ्या.

डिसेंबर १९८८ ते जुलै २००१, दक्षिण बाजू बंद. ब्रुकलिनच्या ब्रायटन लाइनीची क्यू सिक्स्थ अॅव्हेन्यूवर आली, म्हणून नारिंगी.

२२ जुलै २००१ ते २२ फेब्रुवारी २००४, पुन्हा उत्तर बाजू बंद. क्यू पिवळी झाली, बी-डी परत ३४व्या रस्त्यापर्यंत.

इथे एक सापळा आहे. बी-डी ३४व्या रस्त्यावर संपतात आणि ग्रँड स्ट्रीटला वेगळी शटल (थोड्या अंतरात ये-जा करणारी गाडी) आहे, एवढंच पाहून २००१ म्हणू नका. १९८६लाही नेमकं हेच चित्र होतं. फरक ब्रुकलिनकडे बघून कळतो : पिवळ्या बी-डी असतील तर ऐंशीचं दशक, पिवळ्या क्यू-डब्ल्यू असतील तर २००१नंतर. एकाच अक्षराच्या दोन गाड्या, ज्या एकमेकींना भेटतच नाहीत, हा प्रकार दुसऱ्या वेळी टाळला हे बरं झालं.

२००४ला चारही रूळ मोकळे झाले तेव्हा १९८६च्या आधीचं जसंच्या तसं परत आणलं नाही. आधी बी ब्रुकलिनच्याच वेस्ट एंड लाइनीला आणि डी ब्रायटनला जायची. आता डी वेस्ट एंडला आणि बी ब्रायटनला. कारण वेळापत्रकात आहे. डी चोवीस तास धावते, ब्राँक्सची काँकोर्स लाइन रात्री तिच्यावरच अवलंबून आहे. बी फक्त सोमवार ते शुक्रवार, तीही रात्री नाही. वेस्ट एंडला चोवीस तास धावणारी दुसरी गाडीच नाही, त्यामुळे तिथे बी असताना रात्री ३६व्या रस्त्यापासून शटल चालवावी लागे. ब्रायटनला २००१पासून क्यू चोवीस तास होती, तिथे फक्त आठवड्याच्या दिवसांत वरची एक्सप्रेस हवी होती. चोवीस तासवाली गाडी एकट्या लाइनीला, अर्धवेळ गाडी दुकट्या लाइनीला. अदलाबदल झाली ती एवढ्यासाठी.

नकाशेगठ्ठा

आता रंगांचं कोडं सुटलं. दोन शंका उरल्या. १९८७ला आर आणि एन यांची टोकं का बदलली, तिथे तर पूल नव्हता? आणि एम तपकिरीची नारिंगी झाली ती कशी?

सांधेवाला

आर-एनचं कारण यार्ड, म्हणजे गाड्या ठेवायची जागा. आरआर आणि नंतरची आर अस्टोरियापासून बे रिज-९५व्या रस्त्यापर्यंत जायची. दोन्ही टोकांना यार्ड नाही. म्हणजे सकाळी गर्दीआधी गाड्या कोनी आयलंडच्या यार्डातून रिकाम्या आणायच्या, रात्री रिकाम्याच परत न्यायच्या. मधेच गाडी बिघडली तर बदली गाडी लांबून येणार. उलट एन एका टोकाला कोनी आयलंडला आणि दुसऱ्या टोकाला फॉरेस्ट हिल्सजवळच्या जमैका यार्डाला टेकलेली, दोन्ही हातांत लाडू. २४ मे १९८७ला उत्तरेची टोकं बदलली : आर फॉरेस्ट हिल्सला, एन अस्टोरियाला. प्रत्येकीला एक यार्ड. प्रवाशाला नकाशावर नुसतं अक्षर बदललेलं दिसतं, पण असे बदल बऱ्याचदा रिकाम्या गाड्यांचे मैल वाचवायला केलेले असतात.

एम हे २०१०च्या काटकसरीचं अपत्य. व्ही क्वीन्समधून सिक्स्थ अॅव्हेन्यूने येऊन सेकंड अॅव्हेन्यू स्टेशनावर संपायची. एम क्वीन्सच्या मेट्रोपॉलिटन अॅव्हेन्यूवरून विल्यम्सबर्ग पुलावरून नॅसॉ स्ट्रीटला जायची. या दोघींना जोडणारा रूळ १९६८पासून तयार होता, त्यावरून आधी केके आणि नंतर के धावायची. १९७६ला ती बंद झाल्यावर प्रवासी गाडी तिथून गेलीच नव्हती. जून २०१०ला एम त्या रुळावर चढवली आणि व्ही रद्द केली. सिक्स्थ अॅव्हेन्यूवर आली म्हणून नारिंगी. मूळ प्रस्तावात नव्या मार्गाला व्ही म्हणणार होते. एम हे जुनं अक्षर राहू द्या असा आग्रह झाला म्हणून ते टिकलं.

अडचण लांबीची. विल्यम्सबर्ग पुलापलीकडच्या लाइनीवरचे फलाट ६० फुटी आठ डब्यांपुरते, म्हणजे ४८० फूट. क्वीन्स बुलेव्हार्डला फलाट ६०० फुटांचे, दहा डबे मावतील असे. त्यामुळे तिथे एम उभी राहिली की फलाटाचा १२० फूट भाग रिकामा राहतो आणि टोकाला उभे असलेले लोक दार पकडायला धावतात. ७५ फुटी डबे लावून काम भागलं असतं असं वाटेल, पण पुलापलीकडच्या वळणांवर ते डबे चालत नाहीत.

दोनकेची गोष्ट

के बद्दल एक भर, कारण हमखास चूक होते ती इथे. के दोन वेगवेगळ्या आहेत. १९७३ ते १९७६ची के विल्यम्सबर्ग पुलावरून ब्रुकलिनला जाणारी, केकेची वारस. १९८५ ते १९८८ची के एट्थ अॅव्हेन्यूची लोकल, १६८वा रस्ता ते वर्ल्ड ट्रेड सेंटर. यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. टी तशीच : १९६७पर्यंत वेस्ट एंडला होती, आज सेकंड अॅव्हेन्यू लाइनीसाठी राखून ठेवलेली आहे.

नकाशाऐवजी फोटो असेल तर गाडीवरच्या पाटीवर फार विसंबू नका. जुन्या डब्यांत कापडी गुंडाळी असायची, हाताने फिरवायची. तिच्यावर बंद पडलेली अक्षरंही छापलेली असत आणि कधी चुकीचं अक्षर समोर राही. स्टेशनातली पाटी बरी, पण तिच्यावरही जुन्या अक्षरावर चिकटपट्टी लावून काम भागवलेलं असतं. नकाशा सर्वांत भरवशाचा.

झटपट खुणा म्हणून : ८ नंबर दिसला तर एप्रिल १९७३च्या आधीचा (ब्राँक्सची थर्ड अॅव्हेन्यू उन्नत लाइन). एनएक्स दिसली तर नोव्हेंबर १९६७ ते एप्रिल १९६८, जेमतेम साडेचार महिने. ९ दिसला तर ऑगस्ट १९८९ ते मे २००५, मधलं एक वर्ष सोडून. ९ का गेला? १ आणि ९ आलटून पालटून स्टेशनं गाळत, त्यात टोकापर्यंत जाणाऱ्याची दोन-तीन मिनिटं वाचत, पण गाळलेल्या स्टेशनांवर दर दुसरी गाडी समोरून न थांबता निघून जाई. वाचवलेली मिनिटं फलाटावरच खर्च होत. जे-झेडवर हाच प्रकार गर्दीच्या वेळी अजून चालतो.

पूर्वकाठ

आणि एखाद्या नकाशात एफ दिवसा ५३व्या रस्त्याच्या बोगद्यातून आणि एम ६३व्याच्या बोगद्यातून दिसली, तर तो ८ डिसेंबर २०२५नंतरचा. डिसेंबर २००१पासून एफ ६३व्यातून होती. एम ५३व्यातून येऊन क्वीन्स प्लाझाला ईपासून फुटायची आणि लोकल रुळावर आरमध्ये घुसायची. एक गाडी अर्धा मिनिट उशिरा आली की मागच्या तिघी सिग्नलला उभ्या. आता ई आणि एफ दोन्ही एक्सप्रेस ५३व्यातून एकत्र जातात आणि तो सांधा मोकळा राहतो. तक्रार रूझवेल्ट आयलंडची : दहा डब्यांच्या एफऐवजी दिवसा आठ डब्यांची एम. रात्री आणि शनिवार-रविवारी एफ अजूनही ६३व्यातूनच जाते, म्हणून नकाशा बघताना तो कोणत्या वेळेचा आहे हे आधी वाचा.

नकाशेगठ्ठा

तिसरा नकाशा पुन्हा मोठा करून पाहिला. लाल लाइनीवर चेंबर्स स्ट्रीटच्या खाली कोर्टलँड स्ट्रीटचा ठिपका नाही, रेक्टर स्ट्रीट आणि साउथ फेरी यांचेही नाहीत.

सांधेवाला

मग शंकाच नाही. रेक्टर आणि साउथ फेरी सप्टेंबर २००२ला परत आली, कोर्टलँड मात्र ८ सप्टेंबर २०१८लाच उघडलं.